‘सर’च्या आधीचा कॉमा

जानेवारी २००९ मध्ये मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळीला होतो आणि विदेश पान माझ्याकडे होतं. पान म्हणायला पान, खालचं निम्मं जाहिरातीनं खाल्लेलं, उरलेल्या निम्म्यात अख्खं जग कोंबायचं. त्या महिन्यात ओबामांचा शपथविधी होता, श्रीलंकेत तामिळ वाघांचं किलिनोच्ची पडलेलं होतं आणि गाझावर इस्रायलचे बॉम्ब पडत होते. ओबामांना तीन कॉलम फोटोसकट, श्रीलंकेला दोन, गाझाला सिंगल कॉलम, साठ शब्द. एजन्सीची कॉपी यायची आठशे शब्दांची. साडेबाराला पान सोडायचं असायचं, त्यामुळे विचारबिचार न करता कात्री लागायची, आणि कात्रीची पण प्रत्येकाची एक सवय असते, माझी अशी होती की आधी नावं उडवायची (अरबी नावं मराठीत कशी लिहायची ही एक वेगळीच डोकेदुखी), मग वयं, मग हॉस्पिटलचं नाव, गल्लीचं नाव, मग यूएनचा कुणी माणूस काही बोललेला असेल तर तो. शेवटी हातात आकडा राहायचा. हेडिंग तर मी नवीन लिहायचोच नाही. कालची फाइल उघडायची, ‘गाझातील मृतांचा आकडा सहाशेवर’, त्यातल्या सहाशेचं नऊशे करायचं, दोन दिवसांनी नऊशेचं हजार, सेव्ह, पुढची बातमी.

यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. २६/११ होऊन जेमतेम महिना झाला होता जेव्हा हे गाझाचं सुरू झालं. मुंबईहून येणारा मजकूर अजून थांबलेला नव्हता, नरिमन हाउस या ज्यू केंद्रातलं ते लहान बाळ आणि त्याला उचलून बाहेर पळालेली आया, हे सगळं आम्ही स्वतः पानांवर लावलेलं. इस्रायल म्हणजे आपल्यासारखंच पोळलेलं, हे डेस्कवर धरूनच चाललेलं असायचं, कुणी बोलून दाखवायचं नाही कारण गरजच पडायची नाही. एक आठवण मात्र पक्की आहे. त्याच डेस्कवर आपल्या पोलिसांसाठी ‘शहीद’ लिहायचं की ‘हुतात्मा’ यावर आमचा पाऊण तास वाद झाला होता. एक सीनियर म्हणत होते की सावरकरांनी इतका चांगला शब्द दिलाय तर अरबी शब्द कशाला, दुसरे म्हणत होते की लोकांच्या तोंडात शहीदच आहे. चहा गार झाला तरी वाद संपेना. गाझासाठी ‘ठार’ लिहायचं यावर वाद झाला नाही.

तर हे सगळं विसरूनही गेलो असतो. पण २०१२ मध्ये कधीतरी कुणीतरी एक यूट्यूबची लिंक पाठवली, चार-साडेचार मिनिटांचा व्हिडिओ, लंडनमध्ये १२ नोव्हेंबर २०११ ला झालेल्या कार्यक्रमाचा. एक तिशीतली बाई माइकसमोर उभी राहून इंग्रजीत कविता म्हणतेय. कविता वाचतेय नाही, म्हणतेय, सगळी पाठ. सुरुवातीलाच ती सांगते की आज माझं शरीर म्हणजे टीव्हीवर दाखवलेलं एक हत्याकांड होतं आणि ते मला साउंडबाइटमध्ये आणि वर्ड लिमिटमध्ये बसवायचं होतं. मी डेस्कवरच होतो, हेडफोन लावलेला. वर्ड लिमिट हा शब्द ऐकला आणि व्हिडिओ पॉज केला. समोर स्क्रीनवर माझं अर्ध लागलेलं विदेश पान.

तिचं नाव रफीफ झियादा.

कवितेचा किस्सा ती स्वतःच स्टेजवर सांगते. २००८-०९ मध्ये गाझावर बॉम्ब पडत असताना ती गाझापासून लांब, पॅलेस्टिनींसाठी मोर्चे, निदर्शनं करणाऱ्यांची मीडिया प्रवक्ती होती. म्हणजे मी इथे ज्या बातमीला कात्री लावत होतो, त्याच आठवड्यांत ती जगाच्या दुसऱ्या टोकाला रात्र रात्र जागून तीच गोष्ट वीस-तीस सेकंदांत कशी सांगायची याची प्रॅक्टिस करत होती. आणि एका पत्रकारानं तिला विचारलं की तुम्ही तुमच्या मुलांना द्वेष शिकवायचं बंद केलंत तर सगळं ठीक होईल असं नाही वाटत का तुम्हाला? ती चिडली नाही, उलट बोलली नाही, नीट नम्रपणे उत्तर दिलं, घरी गेली आणि ही कविता लिहिली. ‘वी टीच लाइफ, सर’.

प्रश्न नीट बघा. हा प्रश्न विचारणारा बहुतेक वाईट माणूस नव्हता. त्याला पण एडिटर असेल, त्याची पण डेडलाइन असेल, त्याला एक ‘बाइट’ पाहिजे होता. पण प्रश्नाची बांधणीच अशी आहे की उत्तर हो दिलं तरी अडकलात आणि नाही दिलं तरी अडकलात, कारण द्वेष शिकवला जातोय हे प्रश्न विचारायच्या आधीच ठरून गेलंय. आपल्याकडे ‘तू बायकोला मारायचं सोडलंस का’ हा जो जुना विनोद आहे ना, तसलाच तो, फक्त वर बॉम्ब पडतायत.

ती तिशीची बाई तिथपर्यंत कशी आली ते थोडं सांगतो. रफीफ १९७९ ची, जन्म बैरुतचा. पॅलेस्टिनी निर्वासितांची तिसरी पिढी. हे ‘तिसरी पिढी’ वाचताना आपण पटकन पुढे जातो पण जरा थांबून बघितलं तर विचित्र प्रकार आहे. १९४८ मध्ये सात लाखांवर माणसं घरंदारं सोडून गेली किंवा हाकलली गेली, त्यांना वाटलं आठ-पंधरा दिवसांत परत येऊ, कित्येकांनी कुलपं लावून किल्ल्या बरोबर घेतल्या. परत जाऊ दिलं नाही. त्यांना मुलं झाली, ती निर्वासित. त्या मुलांना मुलं झाली, ती पण निर्वासित. लेबनॉननं त्यातल्या बहुतेकांना नागरिकत्व दिलं नाही, कितीतरी व्यवसाय त्यांच्यासाठी बंद. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, त्यांच्याकडे जमीन गेली आणि निर्वासितपणालाच वारस लागत गेले.

ती तीनेक वर्षांची असताना १९८२ चा उन्हाळा आला. इस्रायली सैन्यानं बैरुतला वेढा घातला, जूनपासून ऑगस्टपर्यंत शहरावर मारा चालू, पाणी तोडलेलं, वीज तोडलेली, आणि सप्टेंबरमध्ये साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांतली कत्तल. कवितेच्या शेवटाकडे ती म्हणते की मला प्रत्येक निर्वासित छावणीत अनवाणी धावत जावंसं वाटतं, प्रत्येक लेकराला धरून त्याचे कान झाकावेसे वाटतात, म्हणजे मला जन्मभर जो बॉम्बचा आवाज ऐकू येतो तो त्याला येणार नाही. पहिल्यांदा ऐकताना मला ही कवितेतली एक प्रतिमा वाटली होती. नंतर जन्मसाल कळलं.

त्याच उन्हाळ्यात त्याच वेढ्यात अजून एक माणूस अडकलेला होता, महमूद दरविश, वय ४१, तोवर अरबी जगातला मोठा कवी. त्यानं नंतर त्या वेढ्यातल्या ऑगस्टमधल्या एका दिवसावर गद्य लिहिलं आणि त्यात कॉफीवर पानंच्या पानं आहेत, बाहेर तोफगोळे पडतायत आणि या माणसाला स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायचीय, दोन गोळ्यांच्या मध्ये जेवढी उसंत मिळते तेवढ्यात. चहाशिवाय ज्यांचं डोकं चालत नाही अशा माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. एक तीन वर्षांची पोर आणि एक ४१ वर्षांचा कवी एका शहरात तोच आवाज ऐकत होते, आणि तीस वर्षांनी त्या पोरीच्या कवितेत ‘शेवटचं आकाश’ येतं, त्यांनी शेवटचं आकाश सुद्धा ताब्यात घेतल्यावर आम्ही जगायला शिकवतो असं ती म्हणते, तेव्हा ते आकाश दरविशच्या कवितेतलं असतं. शेवटच्या आकाशानंतर पाखरांनी उडायचं कुठे असं त्यानं विचारून ठेवलं होतं. रफीफ ते नाव न घेता उचलते. ऐकणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याकडे कुणी भाषणात ‘आनंदाचे डोही’ म्हणलं तर तुकारामांचं नाव घ्यायला लागतं का?

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. मला वाटायचं स्पोकन वर्ड म्हणजे अमेरिकेतून आलेलं, कॅफेत चुटक्या वाजवत करायचं प्रकरण, पुण्यात पण हल्ली बरंच चालतं आणि त्यातलं निम्मं मला सहन होत नाही. पण पॅलेस्टाइनमध्ये कविता लोकांसमोर उभं राहून म्हणणं हे फार जुनं आहे. लग्नांत झजल म्हणतात, दोन गाणारे समोरासमोर, सवाल-जवाबासारखं. १९४८ नंतर जे अरब इस्रायलमध्येच राहिले ते १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली होते, गावातून गावात जायला परवाना लागायचा, आणि त्या काळात गॅलिलीमधल्या गावांत काव्यमेळावे व्हायचे, दरविश, समीह अल-कासिम, तौफिक झय्याद ही मंडळी तिथूनच पुढे आली. पुस्तक सेन्सॉर करता येतं, पाठ झालेल्या कवितेचं काय करणार? दरविशला तर शाळकरी वयातच लष्करी गव्हर्नरसमोर उभं केलं होतं, शाळेच्या कार्यक्रमात एक कविता म्हटली म्हणून. अण्णाभाऊ आणि अमर शेखांचे डफ ज्यांनी ऐकलेत, निदान घरातल्या म्हाताऱ्यांकडून त्या सभांबद्दल ऐकलंय, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

रफीफ स्वतः मात्र स्टेजवर आली ती टोरांटोत, यॉर्क युनिव्हर्सिटीत शिकत असताना. आणि तो किस्सा असा आहे की लिहिताना हात थांबतो. कॅम्पसवर निदर्शन चाललेलं, मेल्यासारखं जमिनीवर पडून राहायचं असलं निदर्शन. ती पडलेली असताना एक माणूस आला, तिच्या पोटात लाथ मारली आणि म्हणाला की तुझी दहशतवादी पोरं जन्माला यायच्या आधी तुझ्यावर बलात्कार व्हायला पाहिजे. त्यातून तिची ‘शेड्स ऑफ अँगर’ ही कविता आली. तिची सुरुवात ती माझी अरबी भाषा पण त्यांनी काबीज करायच्या आत मला ती बोलू द्या, अशा अर्थाची करते, आणि मग आजी येते, आई येते, रागाच्या सगळ्या छटा येतात. लाथेचं उत्तर तिनं लाथेनं दिलं नाही, पण गोड पण बोलली नाही. राग आहे म्हणते. रागाबद्दल माफी मागत नाही. मला ती कविता ‘वी टीच लाइफ’पेक्षा थोडी कमी आवडते, जरा जास्त घोषणेच्या अंगानं जाते, पण हे मत घरात बसून कॉफी पीत बनवलेलं आहे.

पहिला अल्बम ‘हदील’, २००९ चा. हदील म्हणजे कबुतरांचं घुमणं, आणि मुलीचं नाव पण असतं. एफ-१६ विमानं डोक्यावर असताना पतंग उडवणाऱ्या पॅलेस्टिनी पोरांना तो अर्पण केलेला. गाझातली पोरं आणि पतंग ही काही कवींनी सोयीसाठी बनवलेली जोडी नाही बरं का, २०११ च्या जुलैमध्ये तिथल्या किनाऱ्यावर पोरांनी एकाच वेळी १२,३५० पतंग उडवून जागतिक विक्रम केलेला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये गाझाच्या इस्लामिक युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवणारा रिफअत अलअरीर हवाई हल्ल्यात मारला गेला तेव्हा त्याची जी कविता जगभर फिरली त्यात पण पतंगच आहे, मी मेलो तर एक पतंग कर, शेपूट लांब ठेव. हा माणूस वर्गात जॉन डन शिकवायचा, त्यातच त्याची पीएचडी. मला राहून राहून त्याच्या वर्गातल्या बाकांचा विचार येतो.

त्याच सुमारास रफीफची जुनी कविता पण पुन्हा सगळीकडे फिरायला लागली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतर गाझात जे सुरू झालं त्याचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या हिशेबानं २०२५ च्या मध्यापर्यंत साठ हजारांच्या वर गेला होता. माझ्या फोनवर तिची कविता आली ती रील होऊन, तीस सेकंदांची, मागे व्हायोलिन. साउंडबाइटवर चिडून लिहिलेल्या कवितेचा साउंडबाइट. आणि कापलं काय होतं? जिथे ती म्हणते की तुमची मेलेली माणसं आम्हाला द्या, त्यांच्या नावांची यादी द्या, पण बाराशे शब्दांच्या आत, तो भाग. म्हणजे ज्यानं कुणी ती रील कापली त्याची आणि माझी कात्री एकाच दुकानातली.

त्या कवितेत एक गोष्ट आहे जी छापील वाचताना कळत नाही. मध्येच ती ‘पॉज’ म्हणते, आणि ‘स्माइल’ म्हणते. रफीफ, हसायला विसरू नको, असं स्वतःलाच बजावते. म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्या बाईच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते ती मोठ्यानं बोलते. सगळ्या यूएन ठरावांचे नंबर पाठ केलेत, इंग्रजी घासून-पुसून घेतलंय, आकडे तयार आहेत, आणि तरी समोरचा म्हणतोय की राजकारण नको, आम्हाला एक माणुसकीची गोष्ट द्या. औषध न मिळालेली एखादी बाई. किंवा तुम्हीच सांगा, तुमची हाडं पुरेशी मोडलीयत का? तिचा आवाज सुरुवातीला टीव्हीवरचाच असतो, इस्त्री केलेला. मग तो हळूहळू चढत जातो, शब्दांमधली जागा कमी होत जाते, शंभर मेले, दोनशे मेले, हजार मेले, इथे आकडा पुन्हा येतो पण या वेळी तो हेडिंगमधला नसतो. माझ्या फाइलीत सहाशेचं नऊशे व्हायला दोन क्लिक लागायचे. तिच्या तोंडी शंभरावरून दोनशेवर जाताना श्वास लागतो.

हल्ली ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकवते, आणि तिचा अभ्यासाचा विषय ऐकून मी आधी जरा निराशच झालो होतो: बंदरं, मालवाहतूक, लॉजिस्टिक्स. आखाती देशांतली बंदरं कुणी बांधली, क्रेन कुणाची, कंटेनर कुठून कुठे जातो. कवयित्री आणि कंटेनर! मग विचार केला तर पटलं. ज्यांची माणसं १९४८ मध्ये हैफा आणि याफाच्या बंदरांवरून होड्यांत बसून गेली, त्यांच्या नातीला बंदराचं कुतूहल नसेल तर कुणाला असणार. आणि बंदर म्हणजे लांबचं काही नाही. हैफाचं बंदर जानेवारी २०२३ पासून अदानींच्या हातात आहे, ७० टक्के. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडच्या ११ मोठ्या बंदरांतल्या साडेतीन हजार कामगारांच्या फेडरेशननं जाहीर केलं की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. मराठी पेपरात ही बातमी मी शोधली. एका ठिकाणी मिळाली, पट्टीत.

तिचं दुसरं काम म्हणजे बहिष्काराची चळवळ, बीडीएस. २००५ च्या जुलैमध्ये पॅलेस्टिनी संघटनांनी हाक दिली, दक्षिण आफ्रिकेवर टाकला तसा इस्रायलवर बहिष्कार टाका म्हणून, आणि रफीफ त्यात वर्षानुवर्षं आहे. इथे मी थोडा अडखळतो. माल, गुंतवणूक, शस्त्रं इथवर मला कळतं, युनिव्हर्सिट्या आणि कलावंतांपर्यंत गेलं की माझं मन मागे-पुढे होतं, जरी ते म्हणतात की आमचा रोख संस्थांवर आहे, एकेकट्या माणसावर नाही. माझी अडचण थोडी भाषेची पण आहे. मराठीत ‘बहिष्कार’ या शब्दाला तीन जन्म आहेत. परदेशी कापडावरचा बहिष्कार, तो अभिमानाचा. जातपंचायतीनं एखाद्या घराचं पाणी तोडलं तो बहिष्कार, ज्याच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करायला लागला. आणि बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ज्यांच्या वतीनं ‘बहिष्कृत भारत’ काढलं ते बहिष्कृत. एकाच शब्दात बलवानाचं हत्यार पण आहे आणि दुबळ्याचं पण. रफीफ वापरते तो पहिल्या जातीचा, पण मराठीत लिहिला की दुसऱ्याची सावली पडतेच, निदान माझ्यापुरती पडते.

भाषेचा विषय निघाला म्हणून सांगतो, गेली दोन वर्षं मी ती कविता मराठीत करायचा प्रयत्न करतोय. कुणी सांगितलेलं नाही, कुठे छापायची पण नाही. पेपर सोडून बरीच वर्षं झाली, आता भाषांतरावरच पोट आहे, बँकेची पत्रकं, मोबाइलची मॅन्युअलं. मध्ये दारीन तातूरची केस वाचली आणि जरा दचकलोच. ही पण पॅलेस्टिनी कवयित्री, नाझरेथजवळच्या रेनेह गावातली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिला अटक केली, यूट्यूबवर टाकलेल्या एका अरबी कवितेसाठी आणि फेसबुक पोस्टसाठी. अनेक महिने नजरकैद, २०१८ मध्ये पाच महिन्यांची शिक्षा, २०१९ मध्ये वरच्या कोर्टानं कवितेपुरता दोष काढून टाकला. पण कोर्टात त्या कवितेचा हिब्रू अनुवाद सादर झाला तो केला होता एका पोलिसानं. पात्रता काय, तर शाळेत साहित्य शिकलोय आणि अरबीची आवड आहे. आणि सगळा घोळ कशावरून? ‘शहीद’ शब्दावरून. बचाव पक्षाचा तज्ज्ञ सांगत होता की पॅलेस्टिनी अरबीत शहीद म्हणजे नुसता लढून मेलेला नव्हे, जो बळी गेला तो पण शहीद, जळून मेलेलं तान्हं बाळ पण शहीदच. मला आमचा तो पाऊण तासाचा वाद आठवला. आम्ही शब्दावर भांडलो तेव्हा कुणी तुरुंगात जाणार नव्हतं.

तर माझी गाडी अडली होती ती शीर्षकावरच. ‘लाइफ’चं काय करायचं? जीवन म्हटलं की पाठ्यपुस्तक, किंवा विमा कंपनी. आयुष्य म्हणजे मोजलेली वर्षं. ‘आम्ही जगायला शिकवतो’ हे त्यातल्या त्यात बरं. एकदा रात्री सुचलं, ‘आम्ही जीव लावायला शिकवतो’. उठून बसलो. प्रश्न द्वेषाचा आहे आणि मराठीत द्वेषाला इतकं सरळ उत्तर दुसरं नाही, शिवाय त्यात जीव पण आला. सकाळी वाचलं आणि खोडलं. ती असं म्हणतच नाहीये. तिला प्रेमळ दिसायचं नाहीये, उलट ‘आम्ही किती प्रेमळ आहोत’ हे सिद्ध करायला लावतात त्यावरच तर ती चिडलीय. मी तिला पुन्हा ‘स्माइल’ म्हणत होतो.

मग ‘सर’. हा शब्द तर आपलाच झालेला, भाषांतर कसलं करायचं? पण आपल्याकडे सर म्हणजे शिकवणारे. गणिताचे सर, क्लासचे सर, अमुक सर गेले हो म्हणून हळहळ. तिच्या ‘सर’मध्ये ते नाही. साहेब करून बघितलं, ‘आम्ही जगायला शिकवतो, साहेब’, लगेच हिंदी सिनेमातला वॉचमन उभा राहिला. महाशय, महोदय, जाऊ दे.

दिवाळीत विट्याजवळ मावशीकडे गेलो होतो. ती झेडपीच्या शाळेत बत्तीस वर्षं बाई होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दुपारी ती चिवड्याचे शेंगदाणे निवडत बसली होती, मी फोनवर तो व्हिडिओ लावला आणि शेजारी बसून मराठीत सांगत गेलो. तिला इंग्रजी लिहिलेलं वाचता येतं, बोललेलं फारसं कळत नाही. गाझा म्हणजे काय ते टीव्हीवर बघून माहीत होतं, पण ‘लई मेली ना रे पोरं तिथं’ एवढंच. शीर्षकाशी आलो आणि म्हटलं, अगं, हे ‘सर’ मला मराठीत जमतच नाहीये, आपल्याकडे सर म्हणजे मास्तर होतो.

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, ‘जमत नाही कसं? आम्ही म्हणायचो की. तपासणीला विस्तार अधिकारी यायचा. त्यानं आयुष्यात एक तास घेतलेला नसायचा पोरांवर. वर्गात छप्पर गळतंय, पाचवीला न् सहावीला एकच खोली, आणि तो विचारणार, बाई, तुमच्या पोरांना पाढे का येत नाहीत, तुम्ही शिकवता काय नक्की? तोंडावर हसू ठेवायचं आणि म्हणायचं, शिकवतो. सर.’

ते ‘सर’ तिनं असं म्हटलं की मी फोन बाजूला ठेवला. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. शिकवणारी खाली उभी आणि ज्याला काही शिकवता येत नाही तो सर. म्हणजे तिच्या इंग्रजी ओळीतल्या ‘सर’मध्ये नुसता मान आहे आणि मान देता देता मारलेला टोमणा आहे, पण तिथे शिकवण्याशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत आहे. दोन वर्षं मी ज्याला अडचण समजत होतो तिथेच जास्तीचं काहीतरी पडलेलं होतं.

मी वहीत लिहिलेलं तिला दाखवलं. ‘आम्ही जगायला शिकवतो, सर.’ तिनं चष्मा लावला, वाचलं, बत्तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस वाचतो तसं, एक बोट ओळीखाली धरून.

‘हे स्वल्पविराम काढ,’ म्हणाली. ‘पूर्णविराम दे. मध्ये दम घ्यायचा असतो.’

मी म्हटलं, अगं पण व्याकरणात...

‘काढ म्हणलं ना.’

परत पुण्याला आल्यावर फाइल उघडली, कॉमा काढला आणि टिंब दिलं. आता पुढे नावांच्या यादीपाशी अडलोय.